ओली पिशवी

माझ्या आईने उरलेले आयुष्य कुठे काढावे हा प्रश्न आमच्या घरात एका उन्हाळ्यात मेथीच्या जुडीवर सोपवण्यात आला. यात काही वावगे आहे असे तेव्हा कोणालाच वाटले नाही. आईला वाटले नाही, थोरल्या भावाला वाटले नाही, आणि ज्यांच्या घरी हा निवाडा व्हायचा होता त्या आम्हा नवराबायकोला तर कोणी विचारलेच नव्हते.

वडील रेल्वेत होते. नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी जेऊर स्टेशनात काढली, निवृत्त झाल्यावर तिथेच रुळांच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, आणि त्या खोल्यांच्या भिंतींचा ओला चुना पुरता वाळायच्या आत ते गेले. आई तिथे एकटी राहू लागली. मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. विहिरींना पाणी आले होते, पण माणसांच्या बोलण्यात ते अजून आले नव्हते. पाण्याचा विषय निघाला की सगळे आपोआप आवाज खाली घेत.

फाल्गुन सरताना आईला चक्कर येऊ लागली म्हणून मी तिला सोलापूरला आणले. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आत डाळिंबाचा रंग दिसायला हवा होता. दिसला तो धुतलेल्या तांदळाचा.

"रक्त कमी आहे," ते म्हणाले. "गोळ्या देतो. पण रोज पालेभाजी खायची, रोज काहीतरी आंबट फळ. रोज म्हणजे रोज."

दादा पुण्याहून रविवारी आला आणि त्याने हे वाक्य दोन्ही हातांनी धरले. तो पुण्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होता. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग त्याच्या टेबलावर येई, आणि तो पास की नापास हे दादा ठरवी. ही सवय त्याच्यासोबत घरी येत असे. तो पोळी उचलून उजेडाकडे धरून पाहायचा. माझ्या नवऱ्याला त्याने लग्नाच्या वेळी पास केले होते. काठावर, असे तो अजूनही सांगे.

"जेऊरला रोज पालेभाजी कुठून आणणार तू?" दादाने विचारले.

"बाजारातनं," आई म्हणाली.

"बाजार आठवड्यातून एकदा भरतो. मेथी दुसऱ्या दिवशी मान टाकते. उरलेले दिवस?"

"उरलेले दिवस डाळी हायेत की."

"डॉक्टर पाला म्हणाले, आई. डाळ नाही म्हणाले. माझ्याकडे चल. खाली उतरलं की मंडई, वर आलं की फ्रीज."

फ्रीज हा शब्द दादा उच्चारायचा तेव्हा वाक्य तिथे संपायचे. तो फ्रीज मी पाहिला होता. त्याचे दार उघडताना दादा थोडा बाजूला सरून उभा राही, गाभाऱ्यापुढे भाविकांना वाट देणारा पुजारी सरतो तसा. आत पांढरा उजेड, आणि त्या उजेडात थंडीने गप्प झालेली वांगी.

आई त्या फ्लॅटमध्ये एक दिवाळी राहून आली होती. काही कमी नव्हते, असे ती सांगे, आणि ते तक्रारीच्या सुरात सांगे. "समद्यांच्या घरी समदं हाय," ती म्हणायची. "कुणाला वाटीभर काय द्यावं म्हटलं, तर घंटी वाजवून कारण सांगावं लागतं."

दादाला हे कारण म्हणून मान्य नव्हते. ते मोजता येत नव्हते.

मग आईने शांतपणे विचारले, "ह्या बाजाराची मेथी त्या बाजारापातूर टिकवून दावली, तर?"

दादा हसला. "तर तू खुशाल जेऊरला राहा."

"बघ हं. मागनं फिरायचं न्हाय."

"कंडिशन म्हणजे कंडिशन," दादा म्हणाला, आणि लगेच नियम सांगू लागला. बर्फ चालणार नाही. शेजाऱ्यांचा फ्रीज चालणार नाही. मेथीची एक जुडी आणि डॉक्टरांच्या आंबट फळाच्या नावाने लिंबे, एवढे आठवडाभर ठेवायचे. परीक्षा सोलापुरातच, आमच्या घरी. इथल्या उन्हात टिकले तर जेऊरला टिकेलच. तो येऊन आधी कच्ची मेथी पाहणार आणि मग शिजवलेली खाणार. आईने सगळ्याला मान डोलावली. मला मात्र तिच्या हाताची बोटे दिसत होती. ती पदराच्या टोकाची गुंडाळी करत होती आणि सोडत होती.

आमचे बिऱ्हाड तेव्हा पूर्वभागात एका माळवदी घराच्या वरच्या मजल्यावर होते. खाली घरमालक अण्णांचे टॉवेलचे माग चालत. त्यांच्या घरात तेलुगू, मागांशी तेलुगू आणि आमच्याशी सोलापुरी मराठी. दिवसभर जमिनीतून एक थरथर वर येत असे, फडताळातल्या कपबशा एकमेकींशी हलकेच बोलत, आणि दुपारी माग थांबले की त्या शांततेने झोपलेले मूल दचकून जागे व्हावे तसे आम्ही दचकत असू. रोज सकाळी जिन्यातून खळीचा वास चढे. सूत तुटू नये म्हणून उभ्या धाग्यांना पिठाची खळ शिजवून लावतात; ताजी असताना तिला पेजेचा गोडसर, माणसाळलेला वास असतो. शिल्लक राहिलेली खळ दुपारनंतर आंबे, आणि वासाचा गोडवा सरून त्यात एक टोक येई. त्या वासावरून मला घड्याळाशिवाय वेळ कळायची.

आईने प्रयोगाला सुरुवात केली ती घरात सापडणाऱ्या पिशव्यांपासून. आहेरात आलेली सोलापुरी चादर ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, ती पिशवी मी जपून ठेवली होती. त्या काळी प्लॅस्टिकची पिशवी टाकून देत नसत, धुऊन वाळत घालत. तिच्यात मेथीची जुडी आणि एक लिंबू घालून तोंड बांधले. दुसऱ्या दिवशी पिशवीच्या आतल्या अंगाला घामाचे थेंब आले होते. काचेमागे कोणी श्वास घेत उभे आहे असे वाटे. तिसऱ्या दिवशी पाने एकमेकांना चिकटली, आणि पिशवी उघडली तेव्हा तळ्याच्या कडेचा हिरवा, चिकट वास आला. लिंबू चांगले होते.

मग बारदानाचा तुकडा शिवून त्याची पिशवी केली. बारदान पाणी पितं, पण ठेवत नाही. दुपारी भिजवले की चहाच्या वेळेला खडखडीत. मेथी त्यात सुकून तपकिरी झाली, बोटांत धरली तर जुन्या वहीत ठेवलेल्या फुलासारखी चुरली, आणि तिला ज्वारीच्या कोठाराचा वास लागला. लिंबू याही वेळी चांगले होते. लिंबू प्रत्येक परीक्षेत पास झाले, आणि त्याबद्दल त्याचे कोणी कौतुक केले नाही.

"अम्मा, रोज मेथी फेकताय," अण्णा जिन्याखालून आईला म्हणाले. "शेळी पाळली काय वर?"

आईने त्यांना सगळे सांगितले. मुलाची अट सांगितली, पुणे सांगितले, फ्रीजही सांगितला. अण्णांनी मान एका बाजूला कलती करून ऐकले.

"आमच्यात घागरीला ओला टर्किश टॉवेल गुंडाळतात की," ते म्हणाले. "पाणी लई गार पडतंय. भाजीला पण तेच कापड घाला. त्याला आत-बाहेर सगळे सुताचे उठलेले फुलंच असतात, पाणी धरून बसतंय."

संध्याकाळी त्यांनी मागावरचे ताजे कापड कापून दिले आणि त्यांच्या बायकोने मशीनवर दोन पिशव्या शिवल्या. एकच कशाला शिवायची, जोडी असावी, असे त्यांचे म्हणणे. पांढऱ्या कापडावर कडेने एक निळा पट्टा. हाताला ते कापड किंचित कडक लागे, पोहे भाजल्यावर लागतात तसे, आणि त्याला कोऱ्या कापडाचा तो वास होता, जो मला लहानपणापासून सणासारखा वाटत आला आहे.

आईने दोन्ही पिशव्या देवापुढे ठेवल्या आणि त्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लावली.

"आधी एकदा धुऊन घेऊ या का?" मी विचारले.

"कोरं कापड धुतात व्हय?" आईला खरोखरच धक्का बसला होता. "कुंकू लावल्यालं. लोक म्हणतील, दिल्यालं नवं ह्यांनी जुनं करून घेतलं."

"पण ओली तर करावी लागेल."

आईने थोडा विचार केला. "शिंपडायचं," ती म्हणाली. "बुडवायचं न्हाय. शिंपडल्यानं कोरेपण जात न्हाय."

हा निर्णय तिने इतक्या अधिकाराने दिला की मला त्याला आधार विचारण्याचे सुचले नाही. मेथी आणि लिंबे आत ठेवून पिशवी खिडकीत, वाऱ्याच्या तोंडाशी खिळ्याला टांगली गेली, आणि आई दिवसातून अनेकदा तिच्यावर हाताने पाणी शिंपडू लागली. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येई. पिशवीचे पाणी माझ्या नवऱ्याच्या आंघोळीतून वळते करण्यात आले. सकाळी न्हाणीघरातून तांब्या बादलीच्या तळाला घासल्याचा आवाज नेहमीपेक्षा लवकर येऊ लागला.

पहिले दिवस सुंदर गेले. बाहेर गच्चीची फरशी पायाला भाजत असताना त्या पिशवीत हात घातला की पहाटेच्या शेतात हात घातल्यासारखे होई. पाने ताठ होती. देठ मोडला तर टिचकी वाजल्यासारखा आवाज येई. आई मला बोलावून तो आवाज ऐकवायची, आणि मग तुटलेला देठ स्वतः खाऊन टाकायची, पुरावा नष्ट करावा तसा. तिने जेऊरच्या शेजारणीसाठी सोलापुरातून काय न्यायचे याचा विचारही सुरू केला होता.

दादा यायच्या आदल्या दिवशी खोलीत एक वास आला. मी तो आधी ओळखला नाही. उन्हाळ्यात घराला अनेक वास येतात आणि आपण त्यांतल्या बहुतेकांना उन्हाळाच म्हणतो.

दादाने आल्यावर चपला काढल्या, हात धुतले, पिशवी खिळ्यावरून उतरवली आणि उघडण्याआधी नाकाशी नेली. मग त्याने ती आईपुढे धरली. आत मेथीची पाने मधूनमधून हिरवीच होती, पण जिथे ती कापडाला टेकली होती तिथे बुळबुळीत काळी पडली होती, आणि कापडावर बुरशीचे करडे ठिपके उठले होते. आंबिलीचा वास सगळ्या खोलीभर झाला.

"नापास," दादा म्हणाला. त्याने ते हळू म्हटले. तो दुष्ट नव्हता. त्याला आई हवी होती, आणि ती मिळवण्याचा दुसरा मार्ग त्याला येत नव्हता. "आई, पुढच्या आठवड्यात ट्रंक भरू. मी न्यायला येतो."

आई पिशवीकडे पाहत होती. "एक बाजार आजून," ती म्हणाली.

"आई..."

"एकच. तू येशील तवा बघ. न्हाय टिकली तर ट्रंक भरून बसल्याली असेन मी."

ती कोणाकडे काही मागते आहे असे मी त्याआधी ऐकले नव्हते. दादानेही ऐकले नसावे. त्याने होकार दिला आणि संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

त्याला रिक्षात बसवून मी जिन्याकडे परत वळले. अण्णांचे दार उघडे होते आणि दाराशीच खळीचे पातेले होते, सकाळचे, उरलेले, आंबलेले. मी पहिल्या पायरीवर थांबले. वर खोलीत जो वास होता तोच खाली होता. तो वास मी इतकी वर्षे रोज जिन्यात ओलांडत आले होते, आणि माझ्याच खिडकीत टांगलेला असताना तो मला परका वाटला होता.

"अण्णा," मी दारातून विचारले, "टॉवेलच्या कापडात खळ राहते का हो?"

"धुवेपर्यंत राहणारच की, अक्का." ते सुताची गाठ मारत होते, मान वर न करता म्हणाले, "दोन-तीनदा धुतली की जातीय." मग त्यांनी मान वर केली. "धुतली नाही व्हय?"

"आईने हळदकुंकू लावलं."

अण्णांनी सूत खाली ठेवले. "कुंकू लावून पिठात भाजी ठेवली," ते म्हणाले. "मग भजीच तळायची होती की."

आईला मी सांगितले. उन्हाळ्यात आठवडाभर ओले पीठ ठेवले तर ते आंबणार, हे तिला समजावण्याची गरज नव्हती. आंबील तिच्या हाताची चांगली होत असे. अडचण दुसरीच होती. दुसरी पिशवी कोरी होती, तिला कुंकू लावलेले होते, आणि ती वापरल्याशिवाय धुणे आईला शक्य नव्हते. वापरायची तर धुतल्याशिवाय उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आई दुपारभर पडून राहिली. तिचे डोळे उघडे होते. मग ती उठून बसली आणि म्हणाली, "जावईबापू कवा येत्यात?"

माझे पती कचेरीतून आले तेव्हा त्यांच्यासाठी पाट मांडलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. आईने त्यांना पाटावर बसवले, कपाळाला गंध लावले, आणि नारळ व ती पिशवी त्यांच्या हातात आहेर म्हणून दिली. आमच्याकडे जावयाला टॉवेल-टोपी द्यायची पद्धत आहेच. टॉवेलला या वेळी शिवण घातलेली होती, एवढाच फरक होता.

"टोपी नाही का?" त्यांनी विचारले.

"टोपीला आठवडा टिकायचं न्हाय," आई म्हणाली. "तोंड पुसा."

"कशाने?"

"आहेरानं."

त्यांनी भाजीच्या पिशवीने तोंड पुसले. दिवसभराची सोलापूरची धूळ तिच्या पांढऱ्या फुलांवर उमटली. आई पुढे वाकून तो डाग नीट पाहून घेऊन म्हणाली, "झालं. वापरलं. आता मळलंय." आणि त्यांच्या हातातून तिने आहेर परत घेतला. नारळ त्यांच्याकडे राहिला.

त्या रात्री पिशवी सोड्यात भिजली. सकाळी आईने ती उकळली, आपटली, पिळली. पहिल्या पाण्याचा रंग भाताच्या पेजेसारखा होता, दुसऱ्याचा ताकाच्या निवळीसारखा, आणि मग पाणी पाण्यासारखे दिसू लागले. पिशवीचा कडकपणा गेला. वाळल्यावर ती हातात घेतली तर कानाच्या पाळीसारखी मऊ लागली. तिला आता कशाचाच वास नव्हता, आणि मला ते क्षणभर वाईट वाटले.

बाजारातून मेथी मी आणली. उन्हाळ्यातली मेथी बुटकी आणि कडू असते, तिच्या मुळांशी काळ्या मातीचे दाणे असतात. आईने मुळे तशीच ठेवली, सडके पान निवडून काढले, आणि जुडी उभी ठेवली, शाळेच्या रांगेत पोर उभे करावे तशी ताठ. यावेळी शिंपडण्याचे बंधन नव्हते. पिशवी बाहेरून चिंब होई आणि वारा तिच्यातून जाताना गार होऊन खोलीत येई. माझे पती घरी आले की खिडकीसमोरच बसत. आंघोळीतून गेलेले पाणी आपल्याला वाऱ्याच्या रूपात परत मिळते आहे, असा हिशेब त्यांनी मांडला होता.

आईने त्या आठवड्यात देठ मोडून ऐकले नाही. ती पिशवीत हातही फार घालत नसे. तिने ट्रंक मात्र भरली. लुगडी घड्या घालून ठेवली, वडिलांचा रेल्वेचा पितळी बिल्ला रुमालात गुंडाळून मधोमध ठेवला, आणि कडी लावली. ट्रंक कुठल्या गाडीत चढणार हे ठरले नव्हते. ती दोन्हीकडे जायला तयार होती. मी विचारले, "भीती वाटते का?" ती म्हणाली, "मेथीची?" आणि तांदूळ निवडत राहिली. तांदळात खडा नव्हता. ते तिने सकाळीच निवडले होते.

दादा आला. चपला, हात धुणे, खिळा. यावेळी त्याने पिशवी नाकाशी बराच वेळ धरली. मग जुडी बाहेर काढून पितळी परातीत ठेवली आणि उजेडाकडे नेली. कडेची काही पाने पिवळी झाली होती. बाकीची हिरवी होती, थोडी थकलेली, पण उभी. दादाने एक देठ वाकवला. आम्ही सगळे त्या देठाकडे पाहत होतो. खाली अण्णांचे मागही तेव्हाच थांबले, हा योगायोग होता. धागा तुटला असणार.

देठ मोडला. आवाज फार मोठा नव्हता, पण आला.

आईने परात उचलली, भाजी निवडली, लसूण ठेचला. तेलात लसूण तांबूस होण्याचा वास आला आणि त्यावर मेथी पडल्याचा तो ओला चर्र आवाज. भाकरीबरोबर ती दादाच्या ताटात वाढली गेली. दादाने पहिला घास खूप वेळ चावला. तो नापास करू शकला असता. पिवळी पाने होती. त्याच्या कारखान्यात तेवढ्या कारणाने पेटीच्या पेटी परत जाई. मी त्याच्या जबड्याकडे पाहत होते आणि आई चुलीकडे.

"मीठ जास्त झालंय," तो शेवटी म्हणाला.

"मिठाचं बोलणं झालं नव्हतं," आई म्हणाली.

"नव्हतं," दादाने कबूल केले, आणि भाजी पुन्हा मागितली. जेवण झाल्यावर त्याने स्वतःच आईची ट्रंक उचलून दाराशी नेली. "जेऊरला मी उतरवून देतो," तो म्हणाला. "पुण्याची गाडी तिथे थांबतेच." आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो ओला होता, भांडी घासल्याचा, आणि त्याच्या सदऱ्यावर पाच बोटांचा ठसा उमटून बराच वेळ राहिला.

पहिली पिशवीही आईने उकळून घेतली होती. बुरशीचे ठिपके फिके झाले, पण गेले नाहीत. जोडी म्हणून दोन्ही पिशव्या जेऊरला गेल्या.

मी तिच्याकडे गेले ते पुढे थंडी पडून ज्वारी पोटऱ्यात आल्यावर. स्टेशनातून घर दिसते. खिडकीत निळ्या पट्ट्याची पिशवी टांगलेली होती, ओलीचिंब, तिच्या खालच्या टोकावरून पाण्याचा थेंब सुटत होता आणि खाली ठेवलेल्या वाडग्यात पडत होता. मला समाधान वाटले. मी पिशवीत हात घातला. आत एक लिंबू होते.

फक्त लिंबू होते.

स्वयंपाकघरात मात्र सुपात चाकवत पडला होता, इतका ताजा की त्याच्या पानांवरची पांढरी भुकटीही पुसली गेली नव्हती. शेजारी चुक्याची गड्डी. आज बाजार नव्हता.

"ही भाजी कुठली?" मी विचारले.

"चाकवत गँगमनच्या बायकोचा. रानातनं येताना देऊन गेली. चुका फाटकवालीचा."

"रोज देतात?"

"रोज एकच कोन देतंय? कवा ही, कवा ती." आई शेंगदाण्याची चटणी कुटत होती, उखळातून लाल तिखटाची आणि भाजलेल्या दाण्याची ऊब वर येत होती. तेवढ्यात एक परकरी पोरगी दारातून आत आली, ठिपक्यांची दुसरी पिशवी चुलीजवळ ठेवून "आयनं दिलीय" म्हणून पळाली. पिशवीत हरभऱ्याचा कोवळा पाला होता, खारट वासाचा. आईने तो सुपात ओतला, पिशवी झटकली, तिच्यात चटणीची पुडी ठेवली आणि पिशवी दाराच्या कडीला अडकवली.

"ही आता शिंप्याच्यात जाईल," ती म्हणाली. "रिकामी परत कोन धाडतंय?"

मी तिथेच खाली बसले. "म्हणजे तुला भाजीची अडचण कधी नव्हतीच."

"दुस्काळ सोडला तर न्हवतीच."

"मग दादाला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

आईने मुसळ थांबवले. "त्याला काय वाटलं आसतं? आई लोकांच्यात भाजी मागून खाती. त्याच दिवशी गाडीत घातलं आसतं मला." ती पुन्हा कुटू लागली. "पिशवीचं त्याला समजतं. पिशवी मोजता येती."

"आणि ही खिडकीतली?"

"ती त्याची. येतो की मधनंच. गाडीतनं उतरतो, चपला काढायच्या आदी पिशवीला हात लावतो. गार लागली की गप बसतो, च्या पितो, पुढच्या गाडीनं जातो."

"आत काय आहे ते नाही बघत?"

"न्हाय बघत," आई म्हणाली. मग उखळातली चटणी सारखी करत म्हणाली, "गुणाचा हाय तो."

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी तिला उजेडात बसवले आणि डॉक्टरांसारखी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आत लाल होते. अगदी डाळिंबासारखे नाही, पण त्या वाटेवरचे. तिने निमूटपणे पाहू दिले.

गाडीचा सिग्नल पडला. मी पिशवी उचलली, माझी, आणि दारात वळताना सवयीने खिडकीकडे हात गेला. रात्रभरात तिथले कापड कोरडे पडत आले होते. मी तांब्यातले पाणी ओंजळीत घेऊन त्याच्यावर शिंपडले. पाणी फुलांत शिरताना कापड जड होत गेले, निळा पट्टा गडद झाला.

"आत लिंबू हाय का बघ," आई मागून म्हणाली. "आगदीच रिकामी नगं."

मी पाहिले. होते.